बांधावरची खोटी हाक

१२ नोव्हेंबर २०२४

आवाबाय,

तुझं पत्र मिळालं. तू तिकडं सेनेगलात तुझ्या भाषेत बोलतेस, तुझी लेक ते फ्रेंचमध्ये लिहून घेते, तिथलं संस्थेचं ऑफिस इंग्रजी करतं, आणि रोह्याच्या ऑफिसातली आमची सुरभी त्याचं मराठी करून मला आणून देते. इतक्या हातांतून आलं तरी तुझं हसू पत्रात जसंच्या तसं आलं गो. मी सातवी शिकले आहे. सुरभीला सोपं जावं म्हणून शाळेतल्या भाषेत लिहिते, चुकलं तर तिला रागव.

आमचा बांध बघून तुम्ही बायका गेलात आणि दिवाळी आली. भात कापून झालं. माझा मुलगा निकेश डोलवीला कंपनीत कंत्राटावर आहे, त्याला सुट्टी नव्हती, म्हणून मी आणि त्याच्या वडिलांनीच कापलं. तुला आमचा लाल भात आवडला होता. तुझ्याकडचाही लालच असतो म्हणून तू ताटातलं शीत उचलून सगळ्यांना दाखवत फिरलीस, ते मालू शेजारीण अजून नकला करून सांगते.

तू विचारलंस, "माझी खांड टिकली का?" वाचून मला कसंतरीच झालं. बांधाला भगदाड पडतं त्याला आम्ही खांड म्हणतो, तो शब्द तू उचलून घेऊन गेलीस आणि तुझ्या गावच्या बायकाही आता तोच म्हणतात म्हणे! टिकली गो. तू लुगडं वर खोचून चिखलात उतरलीस आणि आमच्या बरोबरीनं माती टाकलीस, ती माती जागच्या जागी आहे.

लोक एका हाकेवर कसे धावले, तेही विचारलंस. आमच्याकडे खाडीकडचा बांध कुणा एकाचा नसतो. भरतीच्या वेळी खांड ज्याला दिसेल त्यानं ओरडायचं, "खांड गेली होऽ". ज्याच्या कानावर पडेल त्यानं जेवत्या ताटावरून उठायचं. घरटी एक माणूस घमेलं घेऊन बांधावर. कुणाला बोलवायला जावं लागत नाही. पूर्वीपासून असंच आहे.

तब्येतीला जप. लेकीला माझा आशीर्वाद.

तुझी
सगुणा

*सुरभी, इथं मी रेघ मारली हाय. रेघेखालचं फक्त तुला. आवाला यातलं अक्षर धाडायचं नाय.*

परवा तू विचारलंस, काकी, काका तुमच्याशी बोलत का नाय? ऐक तर. ती खांड आम्हीच पाडलेली. पाहुण्या यायच्या आदल्या दिवशी निकेशनं न् दोघा पोरांनी कुदळीनं. ती पण आतल्या लहान बांधाला, म्हंजे काय झालंच तर कुणाचं नुकसान नको. पोरांच्या शिफ्ट बदलून घेतल्या. देवळामागं उभं केलं सगळ्यांना. हाक आली की धावा म्हणून सांगून ठेवलेलं. तुझ्या साहेबांना यातलं काय ठाव नाय, तुलाही नव्हतं. डोकं माझं.

खरं असं हाय की गाव असं धावलं त्याला जमाना झाला. माझी सासू गोदूबाई होती तवाची गोष्ट. आता पोरं कंपनीत, शेत कुणाला हवंय? बाहेरचा बांध सरकारी मशीन आली तर दुरुस्त, नाय तर राम राम.

मग का केलं? तुझ्या त्या रोह्याच्या सभेत माझी जीभ सुटली. तुझे साहेब सांगत होते की जगातल्या देशांनी मिळून करार केलाय, जमिनी ओसाड होऊ द्यायच्या नाय, वाळवंटीकरण थांबवायचं. मी मनात म्हटलं, आमच्याकडे तर पाण्यात बुडतंय आन् हे वाळवंट काय सांगतात? तवा तूच कानात सांगितलंस की वाळवंट म्हंजे वाळूच नाय, जमिनीतला जीव गेला की झालं, मिठानं गेला काय न् उन्हानं काय. मना पटलं. उठले न् ठोकून दिलं, आमच्या गावात मशीन लागत नाय, एक हाक दिली की गाव बांधावर! टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी माझं वाटोळं केलं. मग ठरलं की आफ्रिकेतल्या बायकांना आमचंच गाव दाखवायचं.

हाक द्यायला मी निकेशच्या बापसाला सांगितलं. तो म्हणाला, "खांड गेलेली नसताना हाक देऊ नये. पोरं खेळात ओरडली तरी आमचा बापूस फटके द्यायचा." मी म्हटलं, "एका दिवसाचं तर हाय." तो उठून गेला. मग मीच दिली. आन् ती बाय बिचारी रडली ना गो! रडत रडत चिखलात उतरली. आम्ही आमच्या हातानं पाडलेली खांड ती बुजवत होती. मी तिच्याकडं बघू शकले नाय. अजून तिचा फोटो फोनमध्ये आला की फोन उलटा ठेवते.

२० जानेवारी २०२५

आवाबाय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या गावाचं सगळं आता डोळ्यांसमोर येतं. तुमच्याकडेही पूर्वी असाच बांध होता, तुझा आजा लांब दांड्याच्या फावड्यानं चिखल उलटायचा, आणि मग पावसानं दगा दिला, पोरं शहराला गेली, काही बोटीत बसून परदेशात गेली, काही पोचलीच नाहीत. बांध फुटला तो फुटलाच. आता शेतात पांढरं मीठ वर येतं आणि त्यावर काही म्हणजे काही उगवत नाही. आवाबाय, आमच्या गावाच्या खालच्या अंगाला अशी जमीन आहे. तिथं आता कांदळवन उभं आहे. ती शेतं कुणाची होती ते सांगणारी माणसंही संपत आली.

तू लिहितेस की पुढच्या महिन्यात तुमच्या गावाची बैठक आहे. अर्धे लोक म्हणतात, सरकार सिमेंटची भिंत देणार आहे, तिची वाट बघू. तू म्हणतेस, वाट बघण्यात उरलेली जमीनही जाईल, आपण हातानं बांधू. ते म्हणतात, बांधू, पण दर भरतीला राखायला येणार कोण? तेव्हा तू उभी राहून सांगणार आहेस की असं गाव मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि मला विचारतेस, "सगुणा, त्याआधी एकदा लिहून पाठव की ते खरोखर तसंच आहे. कारण माझ्या शब्दावर लोक पूर्ण उन्हाळा चिखलात काढतील."

तुला काही गोष्टी सांगते. आधी बायकांना तयार कर, पुरुष मागून येतात. काम ओहोटीला सुरू करा. ज्याच्या घरात आजारपण असेल त्याला त्या दिवशी सूट द्या, पण त्यानं पुढच्या वेळी पहिलं यायचं. खेकड्याचं बीळ लहान दिसतं म्हणून सोडू नका, तिथूनच पाणी वाट काढतं. हे सगळं माझ्या सासूनं मला शिकवलं आणि यातलं काहीही खोटं नाही.

आणि तू विचारलंस ते. होय. तसंच आहे.

तुझी
सगुणा

*रेघ.*

सुरभी, काल तू घरी आलीस तर मी तुला चहासुद्धा विचारला नाय. दारातून पोरीला परत लावली! मना माझीच लाज वाटते. पण तू काय बोललीस ते तरी आठव. "काकी, खरं लिहा, नाय तर मी भाषांतर करणार नाय." मी म्हटलं, "नको करू, दुसरी बघते." दुसरी कुठून आणणार होते, माझं डोंबल?

तुझं बरोबर हाय, कळतंय मना. ती बाय सरळ विचारतेय न् मी सरळ खोटं लिहितेय. ती शेवटची ओळ लिहायला मना सकाळपास्नं दुपार झाली. आधी मी "नाय" लिवलं होतं. मग वाटलं, तिच्या बैठकीत ती उभी राहील न् तिच्या हातात काय असेल? काय नाय. मग ते सिमेंटवाले जिंकतील, भिंत येणार नाय न् जमीन जाईल. माझ्या "व्हय" नं तिची जमीन वाचत असेल तर? असं मी मनाला समजावते. पण तसं नाय गो. खरं कारण हे की तिच्यासमोर मी खोटी पडायला नको. ती मना बहीण म्हणते.

निकेशच्या बापसाला वाचून दाखवायला गेले. ऐकलं न् म्हणाला, "तुझं तू बघ." फावडं घेऊन बाहेरच्या बांधावर गेला. रोज जातो, एकटा. खेकड्यांची बिळं बुजवतो. गावातली पोरं मोटारसायकलवरून जाताना त्याला हात करतात, उतरत कोण नाय.

पाठव हे पत्र. तुझ्या पाया पडते.

१८ एप्रिल २०२५

आवाबाय,

जिंकलीस गो बाय!

बैठकीत म्हातारे आधी हसले, आणि मग तुझा तो चुलता, जो कधी कुणाचं ऐकत नाही, तोच पहिला म्हणाला की मी येतो. वाचताना मला रडू फुटलं. ओहोटी लागली की रोज काम चालतं, शहरातून दोन पोरं परत आली आहेत, आणि बांध आता गुडघ्याच्या वर गेला आहे. वा! फोटो पाहिला. तुझ्या डोक्यावर माती आहे आणि तू कुणावर तरी ओरडते आहेस. तुझं तोंड उघडं असलं की तू माझीच बहीण शोभतेस.

तू लिहिलंस, तुम्ही हाक देता ती आमच्याच शब्दांत. "खांड गेली हो." कुणाला अर्थ ठाऊक नाही, पण सगळ्यांना कळतं. लहान मुलं खेळताना ओरडतात. आवाबाय, एक ऐक. मुलांना खेळात ओरडू देऊ नकोस. ते चांगलं नसतं. हाक खोटी पडता कामा नये.

इकडे ऊन फार आहे. पावसाळ्याआधी तुमचं काम पुरं होवो.

तुझी
सगुणा

*रेघ.*

वर काय लिवलं ते वाचलंस? "हाक खोटी पडता कामा नये." मीच लिहिते हे! हात कसा झडला नाय माझा.

सुरभी, तुझ्या ऑफिसात भिंतीवर तो मोठा फोटो लावलाय, मी हाक देताना तोंड उघडून, खाली लिवलंय "गाव जागं, जमीन जिवंत". काल मी रोह्याला आले ते आवाचं पत्र न्यायला, तर साहेबांनी दोघा पाहुण्यांना बोलावून माझी ओळख करून दिली. "या त्या सगुणाताई." मना तोंड लपवायला जागा सापडेना. तू तिकडं खाली मान घालून बसलेलीस. गाडी येईपर्यंत मी आमच्या कासू ठेसनाचं तिकीट हातात धरून रोह्याच्या फलाटावर बसले न् पदर तोंडावर घेतला. बाजूच्या बाईला वाटलं कोण गेलं माझं. तिनं पाणी दिलं.

मी ठरवलंय, त्यांचा बांध पुरा झाला की सगळं लिहिणार. आत्ता सांगितलं तर काम मध्येच मोडेल. तू म्हणशील, काकीला रोज नवीन निमित्त सापडतं. म्हण.

निकेशचा बापूस म्हणतो, आपला बाहेरचा बांध वळणावर पाझरतोय. मी निकेशला म्हटलं, रविवारी चार पोरं घेऊन ये. तो म्हणाला, "आई, रविवारी झोपू दे गो." त्याला काय बोलू? त्याच्या अंगात जीव राहत नाय शिफ्ट करून. न् कुदळ त्याच्या हातात मीच दिलेली.

१३ ऑगस्ट २०२५

आवाबाय,

सुरभी, आज रेघ नाय. जे लिवलंय ते सगळं धाड, माझ्या शिव्यांसकट. शाळेची भाषा पण आज जमायची नाय.

आवाबाय, आमचा बांध गेला.

नारळी पुनवेचं उधाण होतं. भर दुपार. घराघरात नारळीभात चाललेला, कंपनीतली पोरं सुट्टीवर, म्हंजे अख्खं गाव घरात होतं बघ. असा दिवस सापडत नाय. निकेशचा बापूस, म्हंजे माझा नवरा जनू, नाव घेत नाय मी त्याचं पण तुला कळायला हवं, सकाळपास्नं बांधावर होता. मी भाकर घेऊन गेले तर वळणावर तो मांडीभर पाण्यात उभा. पाठ लावून उभा होता गो, बांधाला पाठ लावून, जसं काय त्याच्या पाठीनं दर्या थांबणार हाय. मना म्हणाला, "हाक दे." तुम्ही बायका गेल्यापास्नं त्यानं माझ्याकडं काय मागितलं असेल तर हे पहिलंच.

मी बांधावरून धावत सुटले न् हाक दिली. छाती फुटेस्तोवर दिली. "खांड गेली होऽ! खांड गेली होऽऽ!"

कोण आलं नाय.

पहिल्या घरापाशी मालू ओट्यावर उभी. हसून म्हणाली, "काय गो सगुणे, आज कुठले पाहुणे? बरी साडी नेसून येऊ का?" मी म्हटलं, "मालू, खरी गेली गो!" ती म्हणाली, "तवा पण खरीच होती ना?" न् आत गेली. तिचा काय दोष नाय. तिनं तवा देवळामागं उभं राहायला नाय म्हटलं होतं, मीच तिला ओढून नेलेली. मी पुढं धावले. एका घरातून कोण तरी ओरडलं, फोटो काढून झाले की सांगा. पोरं हसली. माझ्या घरात माझा निकेश खाटेवर आडवा होता. माझा आवाज त्याला ऐकू गेला होता. नंतर रडत सांगितलं त्यानं मना. "मना वाटलं, आई परत सुरू झाली." न् त्यानं कूस बदलली.

पाणी चढत चढत रस्त्याला लागलं तवा लोक बाहेर आले. तवा येऊन काय करायचं होतं? खांड एवढी रुंद झालेली की तिच्यातून होडी जाईल. जनूला दोघांनी ओढून काढला म्हणून तो आज हाय. लावलेलं भात सगळ्यांचं गेलं, मालूचं, आमचं, खालच्या आळीचं. आता मीठ धुऊन निघायला किती पावसाळे लागतील देव जाणे, न् तोवर खांड बुजली नाय तर कांदळ रुजेल न् मग ते शेत कधीच शेत व्हायचं नाय. तुला हे समजावून सांगायला नको.

आता ऐक. तू आलीस तवा हाक खोटी होती. खांड आम्ही कुदळीनं पाडलेली. लोक देवळामागं उभे केलेले. तू रडलीस ते नाटक बघून रडलीस. तू मना जानेवारीत सरळ विचारलंस न् मी "तसंच आहे" लिवलं, ते पण खोटं. गाव धावायचं ते माझ्या सासूच्या वेळी. मी ते पाहिलंय, तेवढं मात्र खरं.

आमच्याकडे हाक मी मारली. म्हंजे ठार मारली. खोटी एकदा दिली न् खरी कुणाला ऐकू गेली नाय.

माफ कर असं लिहीत नाय, कुठल्या तोंडानं लिहू? तुमचा पावसाळा चालू असेल. माझ्या भरवशावर राहू नका. भरतीला माणसं आपोआप येत नाय गो, आवाबाय. काही तरी दुसरी सोय करा. पहारा लावा, पाळ्या लावा, काय करायचं ते करा. हे पत्र तुझ्या लोकांना वाचून दाखव.

सगुणा

२ नोव्हेंबर २०२५

आवाबाय,

तुझं उत्तर यायला एवढे दिवस लागले तवा मना वाटलं, तोडलंस मना. बरोबरच केलंस असं पण वाटलं. मग सुरभी पत्र घेऊन आली न् हातात देऊन लगेच निघून गेली. बसली नाय.

तू लिवलंयस: "लेकीनं तुझं पत्र मला वाचून दाखवलं. मी तिला शपथ घातली, कुणाला बोलायचं नाही. आमचा बांध उभा आहे, सगुणा. प्रत्येक मोठ्या भरतीला लोक येतात, कारण मी त्यांना तुमच्या गावाचं सांगितलं आहे. म्हातारे नातवंडांना सांगतात, समुद्रापलीकडे एक गाव आहे, तिथे हाक दिली की घरात कोणी राहत नाही. त्यांना आता मी काय सांगू? सांगितलं तर पुढच्या भरतीला कोण येईल? मी त्यांच्याबरोबर माती टाकते आणि मान वर करत नाही. तुझी लाज तू माझ्याकडे पाठवलीस. ती मी कुठे ठेवू?"

मी हे वाचलं न् तशीच ओट्यावर बसून राहिले. चूल पेटवली नाय. माझं खोटं मी भोगत होते ते ठीक, माझं गाव भोगत होतं ते पण एकवेळ ठीक. पण तू? तू काय केलं होतंस? तू फक्त माझ्यावर विश्वास टाकलास. मना एवढी लाज कधी वाटली नव्हती, बांध गेला तवा पण नाय.

संध्याकाळी जनू आला, चूल थंड बघून म्हणाला, "काय लिवलंय तिनं?" मी वाचून दाखवलं. त्यानं चिलीम बाजूला ठेवली. मग म्हणाला, "तिला मोकळी कर."

"कशी करू?"

"ती खोटी का पडली? आपण येत नाय म्हणून. तर यायला लागेल."

मी म्हटलं, "कोण येणार? हाक दिली तर दगड मारतील मना."

"हाक नाय द्यायची," तो म्हणाला. "हाक गेली ती गेली. घरोघर जायचं. पाया पडायला लागलं तर पडायचं."

दुसऱ्या दिवशी देवळात माणसं जमवली. कशी जमवली ते नको विचारूस. उभी राहिले तर मागून कोण तरी म्हणालंच, "ताई, कॅमेरा कुठं ठेवलाय?" मी म्हटलं, "बोला, काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेते, मग माझं ऐका." न् तुझं पत्र वाचलं. सगळं. "ती मी कुठे ठेवू" तिथपर्यंत. वाचताना आवाज फुटला माझा, निकेशनं कागद घेतला न् पुढचं त्यानं वाचलं.

मग मालूच म्हणाली, "म्हंजे तिकडं आपल्या नावावर बांध उभा हाय, न् आपला वाहून गेला?"

कोण हसलं नाय गो.

भांगाचे दिवस होते, पाण्याला जोर नसतो तवा. मी पहाटे उठून घरोघर गेले. खालच्या आळीतली दोन घरं दार लावून घेऊन बसली. एकानं सांगितलं, तुमच्या घरच्यांनी खोदलेलं तुम्हीच भरा, न् ते खरंच हाय. एका म्हातारीनं मना इतक्या शिव्या दिल्या, इतक्या दिल्या, न् मग सुनेला हाक मारून म्हणाली, "जा गो, हिच्याबरोबर जा." निकेश शिफ्ट सुटल्यावर घरी आलाच नाय, कंपनीच्या बुटांनी तसाच बांधावर. त्याच्या मागून त्याचे दोस्त आले, मान खाली घालून. मालू आली. फाटकी साडी नेसून आली न् मना दाखवून म्हणाली, "बघ, आज बरी नाय नेसले."

दगड टाकले, बांबूचे तट्टे लावले, मग चिखल. ओहोटीला काम, भरतीला बसून बघायचं. दोनदा वाहून गेलं. तिसऱ्यांदा थांबलंय. बांध ठेंगणा हाय अजून, पुढच्या उधाणाला टिकेल की नाय ते मी तुला छातीवर हात ठेवून सांगू शकत नाय, न् आता सांगणार पण नाय. शेतात मीठ हायच. सगळे आले नाय. जे आले त्यातले बरेच माझ्यावर चिडून हायत. कोण कुणाच्या प्रेमानं आलं नाय, तुझ्या त्या म्हाताऱ्यांची लाज वाटली म्हणून आले. एवढंच झालंय, याच्या वर एक घमेलंही जास्त नाय.

आता तू माझं ऐक, आवाबाय. मागचं पत्र न् हे पत्र दोन्ही घे न् तुझ्या बैठकीत उभी राहा. लेकीला मोठ्यानं वाचायला सांग. तुझे लोक चिडतील, कदाचित एका भरतीला यायचे पण नाय. पण ते तुझ्यावर चिडू नयेत. तू त्यांना खोटं सांगितलं नाय, तुला जे दाखवलं ते तू सांगितलंस. मान वर करून माती टाक. ही लाज तुझी नाय, ती मना परत दे. कुणी विचारलं की एवढं फसवणारी ती बाई कोण, तर बहीण म्हणून सांगू नकोस, मना पाठीशी घालू नकोस, माझं पूर्ण नाव सांग. सुरभी, ते इंग्रजीत नीट लिही, अक्षर चुकवू नको.

सगुणा जनार्दन म्हात्रे